बाळ झाल्यावर सिगरेट परत सुरू होऊ नये म्हणून घरच्यांनी काय करायचं

गरोदरपणात सिगरेट सोडली की सगळे म्हणतात सुटली बाई एकदाची, आणि बाळ झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तीच बाल्कनीत उभी दिसली की तेच सगळे म्हणतात बघ, पहिले पाढे पंचावन्न. मधल्या दोन-तीन महिन्यांत तिच्यासाठी कोणी काय केलं हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहितेय आणि मुद्दाम तिच्या आजूबाजूच्या लोकांसाठी लिहितेय, म्हणजे नवरा, आई, सासू, बहीण, मैत्रीण, जो कोणी त्या घरात रोज असतो त्याच्यासाठी.

माझ्या धाकट्या बहिणीचं मी अगदी जवळून बघितलंय. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी तिने पाकीट फेकलं आणि पुढे नऊ महिने हात लावला नाही, कोणाला सांगावंसुद्धा लागलं नाही. मग बाळ सहा आठवड्यांचं असताना मी तिच्याकडे राहायला गेले होते, रात्री पाणी प्यायला उठले तर बाल्कनीचं दार अर्धवट लोटलेलं आणि ती आत येत होती, केसांना वास येत होता, आणि मला बघून पहिलं वाक्य काय बोलली तर "आता पोटात नाहीये ना गं". मी तेव्हा काहीच बोलले नाही पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. तिने सोडली होती ती पोटातल्या बाळासाठी, आणि डिलिव्हरी झाली तशी तिच्या मनातली मुदतच संपली. आम्ही सगळे समजत होतो की सुटली, तिच्या मनाने मात्र ती फक्त थांबवली होती.

आणि हे एकटीचं नाहीये. गरोदरपणात सोडणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या तरी बायका बाळ वर्षाचं व्हायच्या आत परत ओढायला लागतात. त्यामुळे "तिच्यात जिद्दच नाही" असं जे कोणी म्हणेल त्याला आधी गप्प करा.

परत सुरू का होते

एकतर गरोदरपणात बऱ्याच जणींना धुराचा वास सहनच होत नाही, मळमळतं, त्यामुळे सोडणं त्या मानाने सोपं जातं, पण बाळ झालं की ती मळमळ जाते आणि तोच वास परत ओळखीचा वाटायला लागतो. दुसरं म्हणजे लोकांचं लक्ष. पोट दिसत असताना तिच्यासमोर कोणी सिगरेट पेटवत नाही, डॉक्टर दर व्हिजिटला विचारतात, आणि डिलिव्हरी झाली की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, वजन किती वाढलं, शी केली का, झोपलं का, आणि तिला कोणी विचारतच नाही की तुझं कसं चाललंय. मग वरून झोप नाही, टाके दुखतायत, दूध नीट येतंय का याची काळजी, दिवसभर कोणाशी मोठ्या माणसासारखं बोलणं नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे आणि ते बहिणीनेच मला सांगितलं. ती म्हणाली, "सिगरेटची आठवण येतच नाही गं, मला ती पाच मिनिटं आठवतात." म्हणजे काय, तर पूर्वी ऑफिसमध्ये, घरी, कुठेही वैताग आला की "मी जरा येते" म्हणून बाहेर जायचं आणि पाच मिनिटं कोणी काही मागायचं नाही. ओढणाऱ्या माणसाला ती सुट्टी सगळे देतात, कोणी विचारत नाही कुठे चाललीस. बाळ झाल्यावर तिच्याकडे तेवढी सुट्टी मिळवायचा दुसरा रस्ताच उरला नाही, नुसतं बाल्कनीत उभं राहिलं तर घरातून हाक येते. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही पाच मिनिटं तिला सिगरेटशिवाय मिळतील एवढं बघा.

ती पाच मिनिटं कशी द्यायची

"काही लागलं तर सांग" हे बोलू नका, बाळंतीण सांगत नाही, तिला वाटतं मागणं म्हणजे आपल्याला जमत नाहीये हे कबूल करणं. त्यापेक्षा वेळ ठरवा. आमच्याकडे असं ठरलं की संध्याकाळी सातच्या फीडनंतर बाळ बाबाकडे, सात वाजून वीस मिनिटांपर्यंत ती काहीही करू दे, गच्चीवर जाऊ दे, नुसती कानात हेडफोन घालून पडू दे, आणि त्या वेळात बाळ रडलं तरी तिला हाक मारायची नाही. पहिल्या दोन दिवशी ती दाराशीच घुटमळत होती, तिसऱ्या दिवशी चप्पल घालून खाली गेली आणि चक्कर मारून आली. आणि हो, परत आल्यावर "बरं झालं आलीस, किती रडला माहितीये" असलं काही बोलायचं नाही, त्याने त्या वीस मिनिटांचा सगळा फायदा जातो.

वेळ निवडताना तिच्या जुन्या सवयी विचारा. दिवसातली कुठली सिगरेट तिला सगळ्यात आवडायची, सकाळची पहिली, जेवणानंतरची, चहा-कॉफीबरोबरची, फोनवर बोलतानाची? तीच वेळ आता सगळ्यात अवघड जाणार, मग सुट्टी बरोबर तिथेच ठेवा आणि जागा पण बदला, म्हणजे जेवण झालं की त्या नेहमीच्या खुर्चीत न बसता लगेच उठून दुसऱ्या खोलीत, नाहीतर थेट खाली.

रात्रीचं पण तसंच. रात्री एकदा तरी बाळासाठी दुसऱ्या कोणीतरी उठायचं. बाळ अंगावर पीत असलं तरी डायपर बदलणं, ढेकर काढणं, परत झोपवणं हे नवऱ्याला किंवा आजीला करता येतं, तिने फक्त पाजायचं आणि लगेच आडवं व्हायचं. बाळ झोपलं, ती मात्र टक्क जागी, घर शांत, कोणी बघत नाहीये, ही जी रात्री अडीच-तीनची वेळ असते ना तिथे बऱ्याच जणींची पहिली सिगरेट परत पेटते. माझ्या बहिणीची तिथेच पेटली होती.

तलफ आली की

तलफ म्हणजे लाट असते, चढते आणि उतरते, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच उतरते, सिगरेट ओढा नाहीतर नका ओढू. हे तिला आधी माहीत असलं पाहिजे कारण त्या क्षणी असं वाटतं की ही आता वाढतच जाणार. तेवढी मिनिटं हातांना आणि तोंडाला काम द्यायचं, गार पाणी घोट घोट प्यायचं, दात घासायचे, तोंडावर पाणी मारायचं, बाळाचे धुतलेले कपडे घडी करायला घ्यायचे, काहीही चालतं, फक्त जिथे उभं राहून ओढायची तिथे जायचं नाही.

आम्ही एक शब्द ठरवला होता, "आली". तलफ आली की तिने मला फक्त हा एक शब्द मेसेज करायचा, पुढे मागे काही लिहायचं नाही, कारण त्या वेळी समजावून सांगायचं त्राण नसतं. मी फोन करायचा आणि सिगरेटबद्दल अवाक्षर काढायचं नाही, काहीही बोलायचं, माझ्याकडे आज काय झालं, लहानपणीचं काहीतरी, शेजारच्यांचं काहीतरी. आणि ती म्हणायची "गेली", मग फोन ठेवायचा. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-पाच वेळा यायचा मेसेज, मी मीटिंगमधून उठून बाहेर गेलेय त्यासाठी, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. तुम्ही असा माणूस बनणार असाल तर फोन सायलेंटवर ठेवू नका आणि रात्री कोण उचलणार हे पण ठरवून ठेवा, एकावरच सगळा भार टाकला तर तो माणूस पण थकतो.

घरातला दुसरा ओढणारा

आता हे स्पष्ट लिहिते. नवरा किंवा घरातलं दुसरं कोणी ओढत असेल तर तिला सोडायला सांगणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट वाढून बसायचं आणि वर म्हणायचं तू खाऊ नको. जोडीदार ओढत असेल तर बाई परत सुरू करायची शक्यता कितीतरी वाढते, हे जिथे जिथे बघितलंय तिथे तिथे दिसलेलं आहे. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्यानेही त्याच वेळी सोडायची, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून नको हं, स्वतःसाठी सोडायची, कारण बाळाला बापाचा धूरही तेवढाच लागतो.

तो सोडायला अजून तयार नसेल तर निदान हे तरी पाळा. घरात ओढायची नाही म्हणजे नाही, बाथरूममध्ये नाही, स्वयंपाकघरात एक्झॉस्टखाली नाही, बाल्कनीचं दार उघडं ठेवून नाही आणि गाडीत तर अजिबात नाही, बाळ गाडीत नसलं तरी नाही. खिडकी उघडली, पंखा लावला, एअर प्युरिफायर घेतला याने भागत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य डॉक्टरांच्या, २००६ च्या रिपोर्टमध्ये साफ म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची "एवढी चालेल" अशी कुठलीच सुरक्षित पातळी नाही. धुरात ७००० पेक्षा जास्त केमिकल्स असतात आणि त्यातली निदान ७० कॅन्सर करणारी आहेत, आणि लहान बाळ मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं. अशा बाळांना कानाची इन्फेक्शन, छातीत कफ, न्यूमोनिया, दमा हे सगळं जास्त होतं.

बाहेर जाऊन ओढून आला तर हात धुवायचे, तोंड धुवायचं, वरचा शर्ट बदलायचा. ओढून झाल्यावरही काही मिनिटं श्वासातून धुराचे कण बाहेर पडत राहतात, त्यामुळे लगेच बाळाला उचलून गालाला गाल लावायचा नाही, थोडं थांबायचं. ओढायला एक वेगळं जॅकेट ठेवा आणि ते दाराबाहेरच लटकवा. पडदे, सोफा, उशी यात जो वास बसतो तो नुसता वास नसतो, त्यात निकोटीन (सिगरेटमधलं सवय लावणारं द्रव्य) आणि बाकीचे कण चिकटलेले असतात आणि बाळ रांगायला लागलं की हात तिथे लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. म्हणून डिलिव्हरीच्या आधीच पडदे, उशांचे अभ्रे, गाडीची कव्हर धुऊन घेतलीत तर फार बरं. धुताना तिच्या जुन्या पर्स, कोटाचे खिसे, गाडीतला कप्पा सगळं तपासा, लायटर आणि अर्धी पाकिटं तिथेच सापडतात. आम्हाला तिच्या रेनकोटच्या खिशात दोन सिगरेटी सापडल्या होत्या, तिला स्वतःलाही आठवत नव्हतं.

पाहुण्यांना कोण सांगणार हा एक प्रश्न असतो. ते बाळंतिणीवर टाकू नका, वाईटपणा घ्यायचा तर नवऱ्याने घ्यावा. आणि कोणी "एका झुरक्याने काय होतंय, तुझ्या डोक्याला जरा शांती मिळेल" असं म्हणून तिच्यापुढे पाकीट धरत असेल, असे लोक असतात, तर त्यांना थोडे महिने लांबच ठेवा.

बाळ कुठे झोपतं हे नक्की बघा

ही गोष्ट लोकांना माहीतच नसते म्हणून वेगळी लिहिते. बाळ झोपेत अचानक दगावणं, ज्याला सिड्स म्हणतात, ते धुराच्या घरात जास्त होतं, आणि आई किंवा बाबा कोणीही ओढत असताना बाळाला आपल्याच गादीवर घेऊन झोपलं तर धोका आणखी वाढतो, ओढणं बाहेर जाऊन केलं तरी. सगळ्यात जास्त धोका दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान असतो आणि बहुतेक सगळ्या केसेस सहा महिन्यांच्या आतल्या असतात. म्हणून बाळ त्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, जरा टणक गादीवर, पाठीवर झोपवायचं, आजूबाजूला उशी, जाड पांघरूण, खेळणी काही नको. घरात कोणी ओढत असेल तर याला अपवाद करू नका, कितीही थकला असाल तरी.

दुधाचं काय

इथे इतकी चुकीची माहिती फिरते की राग येतो. "सिगरेट ओढलीस ना, मग आता पाजू नको" हे वाक्य किती जणींना ऐकावं लागतं आणि ते चूक आहे. निकोटीन दुधात उतरतं हे खरं, आईच्या रक्तात असतं त्याच्या साधारण तिप्पट प्रमाणात दुधात मिळतं, पण तरीही ओढणाऱ्या आईने अंगावर पाजणं हे न पाजण्यापेक्षा बाळासाठी चांगलंच आहे, कारण धुराने होणाऱ्या श्वासाच्या आणि इतर इन्फेक्शनपासून तेच दूध बाळाला थोडं वाचवतं. ओढली गेलीच तर फीड झाल्यावर, फीडच्या आधी नाही, आणि पुढचं फीड जितकं लांब तितकं बरं. दुधातलं निकोटीन साधारण दीड तासात निम्मं होतं, त्यातून अजून दीड तासात त्याच्या निम्मं.

पण यावरून "मग चालतंच की" असं पण समजू नका. ओढण्याने दूध कमी होतं, आणि बाळाची झोप बिघडते. २००७ मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात ओढलेल्या आईचं दूध प्यायल्यावर पुढच्या साडेतीन तासांत बाळं साधारण ५३ मिनिटं झोपली आणि न ओढता पाजलं त्या दिवशी साधारण ८४ मिनिटं. ज्या बाईला झोपेचीच मारामार आहे तिला हा आकडा धमकी म्हणून न सांगता शांतपणे सांगा, बहिणीला हे फार पटलं होतं, ती म्हणाली म्हणजे मीच माझी अर्धा तास झोप घालवतेय.

अजून एक, अंगावरचं दूध बंद होतं त्या आठवड्यांत जास्त जपा. बऱ्याच जणी बाळ पितंय तोपर्यंत कळ काढतात आणि दूध सुटलं की वाटतं आता माझं अंग माझं झालं. ते वाटणं बरोबरच आहे, अंग तिचंच आहे, म्हणून त्याच्या आधीच तिच्याशी एकदा निवांत बोला की बाळ बाजूला ठेव, तुला स्वतःला काय हवंय. पायऱ्या चढताना धाप नको, तोंडाला वास नको, पैसे वाचवायचेत, चेहरा, दात, काहीही असेल, छोटं वाटलं तरी चालेल पण तिचं स्वतःचं हवं. माझ्या बहिणीचं कारण काय होतं माहितीये, तिला परत गाणं शिकायचं होतं आणि श्वास पुरत नव्हता. त्या कारणाने जेवढं धरून ठेवलं तेवढं "बाळासाठी तरी सोड" ने कधीच धरलं नव्हतं.

पॅच, च्युइंगगम वगैरे

बाळ अंगावर पितंय म्हणून काहीच घेता येणार नाही असं नाहीये. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), गम, चघळायच्या गोळ्या या सिगरेटपेक्षा खूपच बऱ्या, कारण त्यात धूर नाही, कार्बन मोनॉक्साईड नाही, टार नाही. पण डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि आपण पाजतोय हे त्यांना आपणहून सांगा. डोस कमी असला तर दुधात कमी उतरतं. २१ मिलिग्रॅमच्या पॅचवर दुधात जितकं निकोटीन मिळतं ते दिवसाला साधारण १७ सिगरेटी ओढल्याच्या जवळपास जातं आणि ७ मिलिग्रॅमवर ते जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी होतं. पॅच रात्री काढून ठेवला तर बाळाला रात्री कमी मिळतं. गम घ्यायचा तर फीड झाल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या फीडपर्यंत वेळ मिळतो.

गम साध्या च्युइंगगमसारखा चावत सुटायचा नसतो, इथे सगळे चुकतात आणि मग म्हणतात पोटात जळजळ झाली, उचकी लागली. हळूहळू थोडा चावायचा, जिभेला झिणझिण, तिखटसर चव लागली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत थोडा चावायचा, असं साधारण अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक नको, त्याने निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही.

गरोदरपणातच पॅच चालू होता अशा बायकांनी डिलिव्हरीनंतर डोस परत विचारून घ्या, कारण गरोदर असताना शरीर निकोटीन जास्त भरभर बाहेर टाकतं आणि नंतर तो वेग परत पहिल्यासारखा होतो. सिगरेट सोडायला गिळायच्या, निकोटीन नसलेल्या गोळ्यांची जी दुसरी औषधं आहेत, व्हेरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, ती पाजत असताना मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घ्यायची नाहीत, तो निर्णय डॉक्टरांचाच. व्हेप, म्हणजे ई-सिगरेट म्हणाल तर त्यातही निकोटीन आहे आणि तेही दुधात जातंच, "व्हेप आहे, सिगरेट थोडीच आहे" म्हणून बाळाच्या खोलीत ओढणं बंद करा.

मन उदास असेल तर

डिलिव्हरीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड हे बऱ्याच जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं. त्याच्यापुढे ते चालूच राहिलं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, सारखं मीच वाईट आई आहे असं वाटतं, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि अशी बाई सिगरेटकडे औषध म्हणून जाते. तिला सिगरेटवरून बोलून काही होणार नाही, आधी डिप्रेशनचा इलाज करायला लागतो. डॉक्टरांकडे एडिनबर्ग स्केल नावाची प्रश्नावली असते, १९८७ पासून वापरतात, फक्त १० प्रश्न असतात आणि पाच मिनिटांत होते, ती करून घ्यायची का असं तुम्हीच विचारा. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय असं ती एकदा जरी बोलली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही आणि तिला एकटं ठेवायचं नाही.

एक ओढली गेली तर

हे वाच, आणि हे थेट तुझ्यासाठी, म्हणजे सिगरेट सोडलेल्या आईसाठी लिहितेय. एक सिगरेट ओढलीस म्हणजे सगळं गेलं असं नाहीये. नऊ-दहा महिने जे केलंस ते त्या एका सिगरेटने पुसलं जात नाही. ॲलन मार्लॅट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी व्यसन सोडणाऱ्या लोकांवर कितीतरी वर्षं काम केलं, त्यांचं म्हणणं असं की एकदा पाय घसरणं वेगळं आणि परत व्यसनात जाणं वेगळं, आणि घसरल्यावर माणूस स्वतःला जे बोलतो ना, "झालं, मला जमतच नाही, आता काय फरक पडतो", त्याच बोलण्याने पुढचं सगळं पाकीट संपतं. म्हणून ती एक विझव, उरलेली पाण्यात बुडवून कचऱ्यात टाक, उद्यासाठी एक ठेवू नकोस, आणि कोणाला तरी सांग. लपवायला लागलीस की कपडे बदलणं, परफ्यूम, खोटं बोलणं यातच जीव मेटाकुटीला येतो आणि तो ताण घालवायला परत सिगरेटच लागते.

आणि घरच्यांनो, ती सांगायला येईल त्या वेळी तुमचं तोंड कसं होतं यावर पुढचं सगळं आहे. "तुला बाळाची काही पडलीये का" हे बोललात तर ती परत कधीच सांगणार नाही, ओढेल मात्र नक्की. त्याऐवजी विचारा, कधी झालं, कुठे होतीस, त्याच्या आधी काय चाललं होतं. बहिणीला मी दुसऱ्या दिवशी हेच विचारलं तेव्हा कळलं की त्या रात्री बाळ अकरापासून तिनेच धरलं होतं आणि जेवणसुद्धा झालं नव्हतं. मग आम्ही सिगरेटबद्दल काही ठरवलंच नाही, रात्रीचं जेवण नऊच्या आत तिला हातात मिळेल आणि पहिली पाळी बाबाची, एवढंच ठरवलं.

थोडं इकडचं तिकडचं

वजनाची भीती बऱ्याच जणींना असते पण बोलत नाहीत. सिगरेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात हे खरंय, आणि बाळंतपणाचं वजन त्यात वेगळं, त्यामुळे "जरा जाडच झालीस" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघता कामा नये, थट्टेत पण नाही. रोजची चक्कर मारायला तिला वेळ मिळाला तर त्याने वजन पण आणि तलफ पण, दोन्हीला मदत होते.

दारू घेतली की ठरवलेलं सगळं सैल होतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत पार्ट्या टाळल्या तर बरं, आणि पाजत असताना तर तसंही जपायला लागतंच.

कामावर परत जाणं हा एक मोठा टप्पा आहे. तिथे जुना ग्रुप असतो, तोच जिना, तीच वेळ, आणि ब्रेकला सगळे तिकडेच निघतात, बाळाचे फोटो बघायला पण तिकडेच बोलावतात. पहिल्या दिवसाच्या आधीच त्या ग्रुपमधल्या एकाला तिने सांगून ठेवावं की मला बोलावू नका, आणि ब्रेकची वेळ दुसऱ्या कोणाबरोबर तरी ठरवून घ्यावी, ब्रेक सोडायचा नाही, ब्रेक घ्यायचाच. दूध काढायचं असेल तर त्याच वेळेत बसवता येतं.

किती दिवस विचारत राहायचं

निदान वर्षभर. लोक पहिला महिना फार विचारतात आणि मग विसरतात, आणि ती बऱ्याचदा घसरते ती त्यानंतरच. मी फोनमध्ये रिमाइंडर लावले होते, सहा आठवडे, तीन महिने, दूध सुटेल तेव्हा, कामावर जाईल त्याच्या आदल्या दिवशी, आणि बाळ वर्षाचं होईल तेव्हा. विचारताना "ओढत नाहीस ना?" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर कोणीही "नाही" असंच देतं. मी विचारायचे, "या आठवड्यात सगळ्यात जास्त तलफ कधी आली?" मग ती सांगायची, सोमवारी, डॉक्टरकडे लाइनीत उभी होते तेव्हा, किंवा बाळाला ताप होता त्या रात्री, आणि त्यावरून पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत कोणी कधी थांबायचं हे आम्हाला कळायचं.